गेलेले अकरा खिळे

तिला सगळे खिळेआक्का म्हणायचे. सुतारकामाशी तिचा काही संबंध नव्हता. घरात तसबीर टांगायची असली तर ती शेजाऱ्याला हाक मारायची. पण गावाच्या टोकाला समुद्रात उतरणारा जो काळा कडा होता, त्याच्या अंगात चाळीस पोलादी खिळे ठोकलेले होते. दर महिन्याला ओहोटी सगळ्यात खाली जाते त्या दिवशी कमरेला दोर बांधून ती शिडीने उतरायची आणि छोट्या मापयंत्राने एकेक खिळा मोजायची. दगडातून किती बाहेर आलाय, एवढंच. दगड झिजला की खिळा तेवढा उघडा पडतो. खिळा केसभर जास्त दिसला की कडा केसभर मागे सरला. हे काम तिने एकतीस वर्षं केलं.

"दगडाचं काय मोजायचं ग?" बायका विचारायच्या. "तो काय तान्हं मूल आहे, महिन्याला वाढायला?"

"वाढत नाही, घटतो," ती म्हणायची. "पण तुमच्या-माझ्यापेक्षा सावकाश."

या कामावर ती लागली तीही गंमतच. कड्याच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात ती फरशा पुसायला होती. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं झाडू-फडक्यावर. एकदा तिथले म्हातारे प्रोफेसर कड्यावर निघाले, सोबतचा माणूस आला नव्हता, म्हणून हिला म्हणाले, "बाई, जरा टेपचं टोक धरता का?" हिने धरलं. ती नेहमी सांगायची, "धरा म्हणाले, पण सोडा म्हणायचं विसरले."

प्रोफेसरांनी तिला कडा शिकवला. कडा म्हणजे घुम्या माणूस, बरं का. वर्षानुवर्षं तोंडातून शब्द नाही, केसभर इकडे, केसभर तिकडे. आणि मग एक दिवस समोरचं ताट भिरकावून देतो. खोलीएवढा दगड एका सकाळीत खाली. त्या दगडात जो खिळा असेल तोही त्याच्याबरोबर समुद्रात. मग त्या खिळ्यासमोर वहीत काय लिहायचं?

"शून्य लिहू का?" तिने पहिल्यांदा विचारलं होतं.

"शून्य म्हणजे काहीच झालं नाही," प्रोफेसर म्हणाले. "इथे तर सगळं झालं. रकाना रिकामा ठेवा. शेजारी शेऱ्यात लिहा, खिळा दगडासकट गेला. मग वर जाऊन तिथे रोवलेल्या खांबापासून काठापर्यंत टेप लावा आणि किती गेलं तेही शेऱ्यात लिहा. आणि एक लक्षात ठेवा, बाई. या वहीत रिकामा रकाना हाच सगळ्यात मोठा आकडा आहे."

तिने ते लक्षात ठेवलं. एकतीस वर्षांत अकरा खिळे गेले. अकरा रकाने रिकामे, अकरा शेरे भरलेले. प्रोफेसर मध्येच वारले, पण शिस्त तीच राहिली.

तिला स्वतःचं मूल नव्हतं. धाकटी बहीण गेली तेव्हा तिचा सहा वर्षांचा मुलगा आक्काकडे आला. तो फार लवकर बोलायला लागला होता आणि थांबतच नव्हता, म्हणून त्याचं नाव पोपट पडलं. आक्काने त्याला वाढवलं, शिकवलं, मोठ्या शहरात पाठवलं. तो परत आला तो त्याच कार्यालयात, पण आक्का ज्या खोल्या पुसायची त्यातल्या एका खोलीत, खुर्चीवर. आक्काच्या वह्या संगणकात घालायच्या आणि येत्या शंभर वर्षांत कडा कुठवर येईल याचं गणित मांडायचं, हे त्याचं काम. पडद्यावर कडा हिरवा दिसायचा आणि बटण दाबलं की तांबडा होत मागे सरकायचा. आक्काने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. एकतीस वर्षं बोटं गारठवून जे लिहिलं, ते असं चालायला लागेल हे तिला वाटलं नव्हतं.

"माझा पोपट दगडाला चालवतो," तिने गावभर सांगितलं. लोक म्हणाले, बस कर आता, नजर लागेल.

मग गावाच्या कारभाऱ्यांनी कार्यालयाकडे एक रेष मागितली. कड्याच्या काठापासून किती आत बांधकाम चालेल, त्याची रेष. रेषेच्या समुद्राकडे घर नको, अलीकडे खुशाल बांधा. पोपटाने सहा महिने खपून ती आखली. काठापासून पाच मीटर. अहवालाच्या पहिल्या पानावर छापलं, "मोजमापे" आणि पुढे आक्काचं पूर्ण नाव. इतक्या वर्षांत ते नाव फक्त रेशनकार्डावर छापलेलं होतं. ते पान तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

काठावर नव्या घरांची एक ओळ आधीच उभी राहत होती, काठापासून बारा मीटरवर. म्हणजे रेषेच्या अलीकडे, सुरक्षित. आक्काची जुनी मैत्रीण होती, शिवणवाली. चाळीस वर्षं भाड्याच्या खोलीत मशीन चालवलेली, जिभेने सुईपेक्षा तिखट. तिला त्या ओळीतलं टोकाचं घर घ्यायचं होतं. गाठीला होतं नव्हतं ते सगळं त्यात जाणार होतं. ती बिल्डरकडे गेली नाही, पोपटाकडे गेली नाही. ती आक्काकडे आली.

"खरं सांग. घेऊ का?"

आक्काने पोपटाला विचारलं. तो जेवता जेवता म्हणाला, "घर बाराला, रेष पाचाला. काय भीती?"

आक्काने शिवणवालीला सांगितलं, "घे. मी सांगते ना."

शिवणवालीने घर घेतलं, खोली सोडली आणि मशीन नव्या खिडकीत लावलं.

पुढे काय झालं ते असं. आक्का वहीचे कागद घरीच आखायची. कार्यालयात छपाईयंत्राशेजारी वाया गेलेल्या कागदांचा गठ्ठा असायचा. ते पाठकोरे कागद ती घेऊन यायची आणि कोऱ्या बाजूला पट्टीने रकाने पाडायची. नवा कागद कशाला नासायचा, असं तिचं म्हणणं. एका सकाळी ती अशीच आखत बसली होती. एक कागद उलटा पडला, आणि त्यावर तिचा कडा होता.

नकाशा तोच, रस्ता तोच. पण रेष पाच मीटरवर नव्हती. ती नव्या घरांच्याही मागे, रस्ता ओलांडून, तीस मीटरवर होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "नोंदी: चाळीस खिळे, शेऱ्यांसह." तारीख अहवालाच्या तीन महिने आधीची.

तिने अख्खा गठ्ठा उलटून पाहिला. तळाशी दुसरा नकाशा सापडला. पाच मीटर. "नोंदी: एकोणतीस खिळे."

चाळिसातून अकरा गेले की एकोणतीस उरतात, हे सातवीवालीलाही कळतं.

पोपट चहा घेत होता. तिने दोन्ही कागद त्याच्या बशीशेजारी ठेवले.

"पोपटा, हे काय आहे?"

त्याने पाहिलं. कप खाली ठेवला. "तुला कुठे मिळालं?"

काय आहे म्हणून विचारलं, तर कुठे मिळालं म्हणून उत्तर आलं. आक्काला निम्मं तिथेच कळलं.

"मशीनला रिकामा रकाना चालत नाही, मावशी," तो म्हणाला. "एक तर आकडा लागतो, नाहीतर ते ती ओळच गाळतं."

"आकडे होते की शेऱ्यात. आणि पहिल्या खेपेला तू घातले होतेस. तेव्हा चालले मशीनला?"

तो गप्प. पोपट गप्प, म्हणजे बघा.

"म्हणजे जे खिळे जागेवर राहिले, तेवढेच मोजलेस," ती म्हणाली. "बुडालेल्यांना सोडून वाचलेल्यांना विचारलंस, समुद्र कसा आहे. ते सांगणारच, छान आहे."

"मुख्य साहेब म्हणाले, रेष तीसला नेली तर अख्खी ओळ पाडावी लागेल. ओरडा होईल. म्हणाले, यंत्राने मोजलंय तेवढंच धरा, शेरे सोडा."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी सांगितलं त्यांना. दोनदा सांगितलं."

"तिसऱ्यांदा?"

तो बाहेर बघायला लागला. आक्काला आठवलं, त्याच महिन्यात त्याला दाराची स्वतंत्र खोली मिळाली होती. तिनेच त्याच्यासाठी पायपुसणं नेऊन टाकलं होतं.

"आणि माझं नाव कशाला घातलंस पहिल्या पानावर?"

"तुझा मान म्हणून, मावशी. खरंच."

"मान म्हणून, की शिक्का म्हणून?"

"कोण शंका घेणार होतं मग?" हे तो पटकन बोलून गेला आणि बोलल्यावर त्याचाच चेहरा पडला. मग घाईघाईने म्हणाला, "अगं, शंभर वर्षांचा हिशोब आहे हा. उद्या काही पडत नाहीये. शिवणवाली मावशी काय शंभर वर्षं जगणार आहे?"

केसाने गळा कापतात म्हणतात, तो असा. आक्काने दोन्ही कागदांची घडी केली. ती एवढंच म्हणाली, "तिच्या घराखालचा कडा एकतीस वर्षांत दोनदा पडला. एकदा पाच मीटर, एकदा चार. तिचं घर बारावर आहे. तो तिसऱ्यांदा केव्हा पडेल, ते तुझ्या मशीनला तरी माहीत आहे का?"

त्याने चहा अर्धा टाकला आणि कामावर गेला. आक्काने तो कप तसाच राहू दिला. दुपारपर्यंत त्यावर साय धरली.

मग ती शिवणवालीकडे गेली. पाय उचलत नव्हते, पण गेली.

"ये, बघ उजेड कसा पडतो," शिवणवाली दारातच म्हणाली. "चाळीस वर्षं डोळे फोडले त्या खोलीत. आता सुईत दोरा चष्म्याशिवाय जातो."

आक्काने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बसली असती तर सांगता आलं नसतं.

आक्काला वाटलं होतं तशी शिवणवालीने शिवी दिली नाही. हातातलं कापड घडी करून ठेवलं.

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"दुसऱ्या कुणाला नाही. तुला."

"हो."

"तू म्हणालीस, घे. मी सांगते ना, म्हणालीस."

"हो, म्हणाले."

"मग आता मी कुणाला विचारू ग?"

आक्का म्हणाली, "गुरुवारी सुनावणी आहे. अहवाल पक्का होणार. मी बोलणार आहे."

"पोपटाविरुद्ध? ज्याचा शेंबूड पुसलास त्याच्याविरुद्ध?"

"मी वहीच्या बाजूने बोलणार. तो कुठे बसतो ते त्याने बघावं."

"मोठी शहाणी," शिवणवाली म्हणाली. "तुझं खरं ठरलं तर माझं घर जाणार, आणि खोटं ठरलं तर तुझी अब्रू. मी कुणाच्या बाजूने बसू?" आणि तिने दार लावून घेतलं. जोरात नाही. जोरात लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

गुरुवारपर्यंत घरात दोन माणसं होती आणि बोलणं चार शब्दांचं. मीठ दे. दिवा घालव. बस्स.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. नव्या ओळीतली सगळी घरं आली होती, कडेवर पोरं घेऊन. समोर टेबलामागे गावच्या अध्यक्षबाई, मुख्य साहेब आणि पोपट इस्त्रीच्या सदऱ्यात. साहेबांनी अहवाल वाचला. मग विचारलं, कुणाला काही म्हणायचंय? आक्का उभी राहिली. पिशवीतून वह्या काढल्या आणि शेरे वाचायला लागली. कुठला खिळा, कुठला महिना, दगड किती गेला. असे अकरा. तिचा आवाज कापत होता, पण आकडे कापत नव्हते. शेवटी म्हणाली, "मोजमापं माझी आहेत. रेष माझी नाही. माझं नाव तिथून काढा, नाहीतर हे अकरा खिळे आत घाला."

सभागृहात कुजबुज उठली. मागून कुणीतरी ओरडलं, "आधी सांगायचं होतं ना, बये!" अध्यक्षबाईंनी पोपटाकडे पाहिलं.

आक्काला वाटलं होतं, तो गप्प राहील. त्याचं गप्प राहणं तिने मनातल्या मनात माफही करून टाकलं होतं.

तो उठला. घसा साफ केला. "या बाईंची तळमळ मी समजू शकतो," तो म्हणाला. बाईंची. मावशी नाही. "पण त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत आहे. खिळ्यांची मापं यंत्राने घेतलेली आहेत, ती भरवशाची. शेरे म्हणजे एका मदतनिसाचे अंदाज. त्यावर गावाची रेष आखता येत नाही."

पुढच्या रांगेतली माणसं माना डोलावू लागली. घर वाचणार असेल तर मान आपोआप डोलते, त्यांचा तरी काय दोष.

आक्का वहीकडे बघत उभी होती. तिच्यासमोर चौदाव्या खिळ्याचा शेरा उघडा होता, शिवणवालीच्या घराखालचा, दुसऱ्या खेपेचा. त्या दिवशी गार वाऱ्याने तिची बोटं इतकी आखडली होती की पेन धरवेना. तिने नुसतं सांगितलं होतं आणि लिहिलं होतं दुसऱ्याने, जो सुट्टीत घरी आलेला होता आणि ज्याने टेपचं टोक धरलं होतं. ठळक, डावीकडे कललेलं अक्षर. "खिळा दगडासकट गेला. काठ चार मीटर दहा सेंटिमीटर आत. दोनदा मोजून खात्री केली."

तिने वही मिटली असती तर चाललं असतं. क्षणभर मिटलीही. मग तिची नजर शेवटच्या रांगेकडे गेली. तिथे शिवणवाली बसली होती, पदराला बोट गुंडाळत.

आक्का पुढे गेली आणि वही अध्यक्षबाईंच्या समोर उघडी ठेवली.

"हा शेरा माझा नाही," ती म्हणाली. "अक्षर बघा. ज्याचं आहे तो सातवीच्या पुढे बराच शिकलाय."

दोन-चार माणसं हसली. मग हसू थांबलं. अध्यक्षबाईंनी वही पोपटाकडे सरकवली. "हे तुमचं अक्षर?"

त्याने वहीकडे इतका वेळ पाहिलं की एखाद्याला वाटावं त्याला वाचता येत नाही.

"हो," तो म्हणाला.

"मग दोनदा मोजून खात्री केली, हा अंदाज कसा?"

त्यावर मुख्य साहेबच काहीतरी लांबलचक बोलले. पोपट खाली बसला तो पुन्हा उठला नाही.

अहवाल परत गेला. दोन महिन्यांनी नवी रेष आली, तीस मीटरवर. ओळ रिकामी करण्याचा हुकूम निघाला. बिल्डरने लोकांचे पैसे परत केले, पण चपला झिजवायला लावून. त्या ओळीतली निम्मी माणसं आक्काला रस्त्यात ओळख देईनाशी झाली. जीव वाचला, हे कुणाला दिसत नाही. घर गेलं ते दिसतं. मुख्य साहेब जागेवर राहिले. पोपटही राहिला. नव्या अहवालात "मोजमापे" या शब्दापुढे कार्यालयाचं नाव होतं. आक्काचं काढलं होतं. तिनेच काढा म्हटलं होतं, तेवढं मात्र त्यांनी लगेच ऐकलं.

पोपट सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी कार्यालयामागच्या खोलीत राहायला गेला. ट्रंक उचलताना दारात थांबून म्हणाला, "घरात सांगायचं होतंस, मावशी. चारचौघांत नको होतं."

"घरात सांगितलं होतं," आक्का म्हणाली. "तू चहा अर्धा टाकून गेलास."

"मी पुन्हा गेलो असतो साहेबांकडे. तू थोडं थांबली असतीस तर…"

"थांबले असते. पण तू मला बाई म्हणालास."

त्याला यावर काहीतरी बोलायचं होतं. लहानपणी ज्याचं तोंड बंद करायला खाऊ द्यावा लागे, त्याला त्या दिवशी एक वाक्य जुळेना. तो गेला. आक्काने कपाट उघडलं आणि ते पहिलं पान सोलून काढायला घेतलं, पण खळ पक्की बसली होती. निम्मंच निघालं.

शिवणवालीला लॉन्ड्रीमागे एक खोली मिळाली. खिडकी होती, पण तिच्यासमोर भिंत. दिवसाही दिवा लावून मशीन चालवायची. चार महिने ती आक्काशी बोलली नाही. पाचव्या महिन्यात आक्का आपणहून गेली आणि न बोलावता स्टुलावर बसली. शिवणवालीने मशीन थांबवलं नाही.

"आलीस?"

"आले."

"उजेड नाही इथे. सुईत दोरा घालून दे."

आक्काने घालून दिला. तिसऱ्या खेपेला गेला.

मग शिवणवालीने खालच्या ढिगातून एक सदरा उपसून मांडीवर घेतला. पांढरा, कॉलरीला झिजलेला. आक्काने तो लांबूनच ओळखला. त्याची बटणं तिनेच लावली होती, एक थोडं वेगळं.

"काल टाकून गेला," शिवणवाली म्हणाली. "कॉलर उलटून शिवायची म्हणे. वर मान करून बघितलंही नाही. मी अजून हात लावलेला नाही. तुला विचारायचं होतं." ती आक्काकडे न बघता म्हणाली, "शिवू का?"

आक्काने सदऱ्याकडे बघितलं. बाहेर लॉन्ड्रीचं यंत्र घरघरत होतं.

"शिव की," ती म्हणाली. "सदऱ्याने काय केलंय?"

"आणि न्यायला आला तर? तू इथे असलीस तर?"

"तर तू त्याला सदरा दे. मी दोरा ओवत बसेन."

शिवणवालीने कॉलरीची शिवण उसवायला घेतली. मग ती म्हणाली, "अगं, मळ बघ किती. स्वतःचे कपडे धुता येत नाहीत मेल्याला."

आक्काने सदरा घ्यायला हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला.